डबा अमेरिकेत, पुडी दारात

मागच्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता आणि अशा दिवशी आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी एका फेरीत मिरची, बी-बियाणे आणि डॉक्टर अशी तिन्ही कामे उरकतात. त्या गर्दीत गावातल्याच एक मावशी आल्या. यजमान कचेरीतून निवृत्त, मुलगी-जावई अमेरिकेत, मुलगा इथेच. सोबत मुलाचा मुलगा, वय वर्षे चार. मावशींना काही घाई नव्हती. त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला, चष्मा शोधला, तो कपाळावरच सापडला, आणि एक फोटो माझ्यापुढे धरला.

"डॉक्टरसाहेब, हे पाहा जी. पोरीनं पाठवलं. तिकडे डब्यातलं मटन भेटते म्हणते. चार-चार वर्षं खराब होत नाही म्हणते. आता तुम्हीच सांगा, चार वर्षं टिकाले त्याच्यात काय घालत असतीन? अन् पोरगी ते भातासोबत खाते. मले तर झोप नाही रात्री."

फोटोत निळा डबा, त्यावर पिवळी अक्षरे. मी डबा पाहत होतो आणि नातू मला पाहत होता. त्याच्या हातात पाच रुपयांची पुडी होती. ओठांभोवती, बोटांना, सदऱ्याला आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाच्या कडेला नारिंगी रंग लागला.

"आणि याला काय झालं?"

"याले काही नाही जी. फक्त जेवत नाही. एखादं टॉनिक लिहून द्या."

काट्यावर उभे केले. साडेबारा किलो. या वयाच्या मुलाचे वजन सोळा किलोच्या आसपास असायला हवे. मावशींना झोप येत नव्हती ती सातासमुद्रापारच्या डब्यामुळे, आणि माझी झोप उडावी असे जे होते ते समोर स्टुलावर बसून बोटे चाटत होते. वाचकहो, आजचे सदर त्या दोघांविषयी आहे. डब्याविषयी आणि पुडीविषयी.

आधी डबा, कारण मावशींनी तोच आधी विचारला. डबाबंद मांस हा काही आजचा अमेरिकन चोचला नव्हे. नेपोलियनच्या काळात फ्रान्सच्या सरकारला सैन्यासाठी टिकाऊ अन्न हवे होते. ते जमवले निकोला अपेर नावाच्या एका हलवायाने. होय, हलवायाने! त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बूच घट्ट लावले आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन् महिने टिकले. १८१० साली त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. हे का टिकते ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. हवेतले सूक्ष्म जीव अन्न नासवतात हे लुई पाश्चरने दाखवले ते त्यानंतर साधारण पन्नास वर्षांनी. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. गंमत अशी की डबा आला, पण तो उघडायचे हत्यार यायला पुढची काही दशके जावी लागली. तोवर लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत. सरकारी योजना आधी आणि तिचा फॉर्म नंतर, हे आपल्याकडेच होते असे नाही.

म्हणजे चार वर्षे टिकण्यामागे कुठली काळी जादू नाही. मांस डब्यात भरून डबा हवाबंद करायचा आणि मग वाफेच्या दाबाखाली तापवायचा. आपल्या कुकरचीच ही थोरली बहीण. आत जंतू उरला नाही आणि बाहेरचा शिरू शकला नाही की अन्न नासणार कसे? नागपूरहून पाहुणे रसगुल्ल्याचा डबा आणतात, तो असाच टिकतो, आणि त्याविषयी मावशींनी मला कधी काही विचारल्याचे आठवत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा. डबा रसगुल्ल्याचा असो की आमरसाचा, तो फुगलेला असेल तर उघडू नका, चाखून तर मुळीच पाहू नका, सरळ टाकून द्या. आत जंतू वाढून वायू धरल्याची ती खूण असते, आणि त्यातला बोट्युलिनम नावाचा जंतू फार वाईट.

मावशींच्या मुलीचा निळा डबा म्हणजे 'स्पॅम'. डुकराचे मांस, मीठ, पाणी, बटाट्याचा स्टार्च, साखर आणि सोडियम नायट्राइट, एवढ्यावर त्याचा संसार. तो १९३७ साली अमेरिकेत निघाला आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवर बसून जगभर गेला. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी तर पुढे आठवणींत कबूल केले आहे की हे डबे नसते तर आपल्या फौजेला खाऊ घालणे अवघड झाले असते. हवाई बेटांवर तो भातावर ठेवून खातात, म्हणजे मावशींच्या मुलीचा भात अगदीच निराधार नाही. दक्षिण कोरियात सणाला या डब्यांची सुबक पेटी भेट देतात, आपण दिवाळीला सोनपापडी देतो तशी. ती पेटीही सोनपापडीसारखी या घरातून त्या घरात फिरते की काय, देव जाणे.

आता त्यातली खोट. पहिली मिठाची. साधारण ३४० ग्रॅमच्या एका डब्यात सुमारे बारा ग्रॅम मीठ निघते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ खावे. एका डब्यात दोन दिवसांच्या वर मीठ झाले. दुसरी खोट नायट्राइटची. त्याने मांसाचा रंग गुलाबी राहतो आणि तो बोट्युलिनमही दबतो, पण पोटात गेल्यावर त्यापासून जी रसायने होतात ती आतड्याला मानवत नाहीत. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेले, धुरावलेले, असे सगळेच प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज पन्नास ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे.

या बातमीवरून तेव्हा बराच गोंधळ झाला, कारण त्यांनी ते मांस तंबाखूच्याच गटात बसवले. एका पानठेल्यावर खर्रा घोटून घेता घेता एक गृहस्थ मला म्हणाले होते, "पाहा डॉक्टर, मटन अन् तंबाखू सारखंच निघालं!" नाही हो, सारखे नाही. गट एकच, याचा अर्थ दोन्हींविरुद्धचा पुरावा पक्का, इतकाच. धोका किती, हे वेगळे मोजावे लागते आणि त्यात तंबाखूच्या जवळपास फारसे कोणी फिरकत नाही. शिवाय आपल्या बाजारातले ताजे बकऱ्याचे मटण म्हणजे डब्यातले मांस नव्हे. हे त्यांना समजावले तेव्हा त्यांच्या तोंडात खर्रा असल्याने त्यांनी फक्त मान डोलावली.

मावशींना मी सांगितले, "मुलीला सांगा, महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी चालेल. रोजचे नको. त्या दिवशी भातात आणि इतर कशात मीठ घालू नको म्हणावं." मावशींचा जीव भांड्यात पडला.

आणि आपण तरी कुठे मोठे ताजे खाणारे? टिकवणे आपल्याही रक्तात आहे. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. तिथल्या बाईने मृगाच्या आधी घरात सुकी मासोळी, मोहफुले, वाळवलेली भाजी भरून ठेवली नाही तर ती लेकरांना घालणार काय? नेपोलियनच्या फौजेची अडचण आणि तिची अडचण एकच. फरक इतकाच की तिला कोणी बारा हजार फ्रँक दिले नाहीत. आपले पापड, कुरडया, सांडगे, लोणचे, सारे याच जातीचे, आणि मीठही त्यात काही कमी नसते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी लोणच्याची फोड आणि सुकी मासोळी यांनाही डब्याइतकेच जपून राहावे. आजीच्या हातचे आहे म्हणून मीठ गोड होत नाही. मासोळी शिजवण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर मीठ बरेच उतरते.

तर डबा आपल्याकडे नाहीच म्हटले तरी चालेल. मूल, सावली, सिंदेवाही, धानोरा, कोणत्याही किराणा दुकानात जाऊन विचारा, डब्यातले मांस मिळणार नाही. पण दाराशी लोंबणारी पुड्यांची माळ मात्र जिथे एसटी पोचायला कुरकुरते तिथेही पोचली आहे. लाल, हिरवी, जांभळी. गणपतीच्या आराशीला इतके रंग नसतात.

या पुडीविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. तिच्यात प्लास्टिक असते, काडी लावली की भुरभुर जळते, असे सांगणारे व्हिडीओ मला आठवड्याला दोन येतात, बहुधा शिकल्या-सवरल्या माणसांकडून. जळते हे खरे. पण त्यात तेल आणि पिष्ट आहे म्हणून जळते. घरचा तळलेला पापड चिमट्यात धरून पाहा, तोही जळेल. तांदूळ, मका, हरभरा यांचे पीठ यंत्रातल्या गरम नळीतून दाबून बारीक भोकातून बाहेर काढतात. दाब एकदम सुटला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुलते. लाहीच ती, फक्त यंत्रातली. मग तिला तेल आणि मसाला. पुडीत हवा भरलेली असते तीही निव्वळ फसवणूक नाही. तो बहुतेक वेळा नायट्रोजन असतो, त्याने तेल लवकर खवट होत नाही आणि माल चुरत नाही. आता त्या निमित्ताने पुडी मोठी दिसते हा व्यापाऱ्याचा नफा, तो आपण समजून घ्यावा.

आणखी एक बाजू पुडीची. ती स्वच्छ असते. चौकातल्या भज्यांचे तेल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच, काळे होईतो तापवलेले. शिवाय भजी बांधून मिळतात वर्तमानपत्रात. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावले, पण ऐकतो कोण? मी स्वतः एकदा आलुबोंडा खाऊन कागद उलगडला तर आत याच सदरातला माझा लेख. विषय होता 'तेलकट टाळा'. तेल नेमके मथळ्यावर उतरले होते.

मग पुडीशी माझे भांडण काय? ती मूठभर पुडी मोठ्या माणसाने सिनेमा पाहताना खाल्ली तर काहीच नाही. मीही खातो, घरात कोणी नसले की. भांडण आहे ते चार वर्षांच्या पोटाशी. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १,३६० कॅलरी लागतात. वीस ग्रॅमच्या पुडीत शंभर-एकशे दहा निघतात. मी मावशींना विचारले, "दिवसाला किती?"

"जास्त नाही जी. सकाळी एक, रडला तर. अंगणवाडीतून आला की एक. अन् याचा बाप संध्याकाळी आणते ते."

तीन पुड्या. म्हणजे दिवसाच्या भुकेचा पाव हिस्सा गेला. चहा-बिस्किटे वेगळी. आणि त्या पाव हिश्श्यात काय मिळाले? जवळजवळ एक तृतीयांश तेल, उरलेले बहुतेक पिष्ट, वर मीठ. प्रथिने तिन्ही पुड्या मिळून तीन-चार ग्रॅम. तेवढी तर वीस ग्रॅम फुटाण्यांत मिळतात आणि एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे पोरगा जेवत नाही हे खोटेच. पोरगा जेवतो, आपल्याला कळत नाही इतकेच. वरणभाताची वेळ येते तेव्हा त्याच्या पोटात जागा नसते आणि जिभेलाही तो भात अळणी लागतो. इतक्या खारट-आंबट-तिखटानंतर ताटातल्या वरणाने काय तोंड दाखवावे?

याला मी टॉनिक काय लिहू? भूक औषधाने लागत नसते, रिकाम्या पोटाने लागते.

मला याचे अधिक वाईट वाटते ते आपल्या मुलखामुळे. हा धानाचा मुलूख. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकरवाल्याच्या चिकाटीने एचएमटी तांदूळ निवडून काढला आणि तो देशभर गेला. त्याच मुलखातले लेकरू तांदळाचेच पीठ, परक्या मुलखातून फुलून, तळून, खारावून आलेले, पाच रुपयांना विकत घेते. जंगलात चार, टेंभरे, बोरे, जांभळे; बांधावर जवस, लाखोळी; बोडीत मासोळी. गडचिरोलीच्या आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत लेकरांना अंडी-केळी द्यायची सोय डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आहे. अंडे फाटकाच्या आत आणि पुड्यांची माळ फाटकाच्या बाहेर, असा सामना आहे तो. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असे जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, हा नियम २०२० साली निघाला. पन्नास मीटर म्हणजे किती हे मोजायला आमच्याकडे अजून कोणी टेप घेऊन आलेला दिसला नाही.

आई-बापांना मी दोष देत नाही. रोवण्याच्या दिवसांत आई सकाळी सहाला घरून निघते. रडणारे पोर सासूच्या मांडीवर. सासू बिचारी चूल पाहील, कोंबड्या पाहील की पोराला घास भरवील? पाच रुपयांत अर्धा तास शांतता मिळते. आणि बापाचे म्हणाल तर बाजारातून आलेल्या बापाच्या हातात लेकरासाठी खाऊ हवा, ही आपली जुनी रीत. माझे वडील बाजारातून येत तेव्हा धोतराच्या सोग्यात फुटाणे-मुरमुरे असत, क्वचित गुळाची ढेप फुटलेला तुकडा, आणि बोटांत घालून खायचे रंगीत पोंगे मिळाले की त्या दिवशी दिवाळी. पोंगे म्हणजे तरी काय, तळलेला रंगच! पण ते बाजाराच्या दिवशी मिळत, आठवड्यातून एकदा. पुढचे सहा दिवस आम्ही निमूट भाकर खात होतो. आता दुकान गल्लीत आले आणि सातही दिवस बाजार झाला.

म्हणून मी मावशींना 'बंद करा' म्हटले नाही. तसे म्हटले की ते पहिल्या रडण्याला मोडते. म्हटले, "पुडी बाजाराच्या दिवशी. एकच. तीही जेवण झाल्यावर. बाकीचे दिवस पोराच्या खिशात मूठभर फुटाणे, पण बसून, तुमच्या नजरेसमोर, चावून खाऊ द्या. ठसका लागेल अशी भीती वाटली तर फुटाण्यांचे पीठ करून गुळात मळा. रोज एक अंडे. दोन पुड्यांच्या पैशांत ते येते. आणि घरात पुडी दिसता कामा नये. दिसली की मागणार." त्यांचाही रक्तदाब तपासला, गोळी चालूच होती, एकशे चाळीसच्या आसपास होता. टॉनिक लिहिले नाही म्हणून त्या थोड्या खट्टू झाल्या. टॉनिकविना डॉक्टर म्हणजे त्यांना मिठाविना वरण वाटले असावे.

परवा त्या पुन्हा आल्या. नातू सोबत होता. बोटे स्वच्छ. पाचव्या आठवड्यात वजन तेरा किलोच्या थोडे वर. अजून पुष्कळ पल्ला आहे, पण काटा हलला. खिशात हात घालून त्याने मला दोन फुटाणे दिले, एक अर्धा चावलेला. मुलीचे विचारले तर म्हणाल्या, तिने डबा आणणे कमी केले, आता अंडी आणते.

मग त्यांचा हात पट्ट्यात बांधला. एकशे अडुसष्ट.

"मावशी, गोळ्या चुकल्या काय?"

"नाही जी. एकही नाही."

"मग लोणचं? मासोळी?"

मावशी नातवाकडे पाहू लागल्या. नातू मोठ्याने म्हणाला, "आजी देवघरात बसून खाते."

"मंग काय करू जी," मावशी म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाले घरात दिसू देऊ नका. याच्या बापानं आख्खी माळच आणून ठेवली होती. टाकून देऊ काय? पैसे दिले नाही का आपण?"

"किती उरल्या?"

"चार," नातू म्हणाला.

त्या चार मी मागवून घेतल्या आहेत. सध्या माझ्या खणात आहेत. माझ्या सौभाग्यवती हे सदर वाचत नाहीत, असा माझा समज आहे.